जुन्या इंजिनची ऑइल गळती शोधणारं डाय किट: डाय झकास, टॉर्च टाकाऊ

आधी निकाल सांगून टाकतो. डायला पाचपैकी पाच. पिवळ्या गॉगलला तीन. सोबतच्या टॉर्चला एक, आणि तोही सेल टाकल्यावर निदान पेटला म्हणून. एवढं असूनही जुनं इंजिन सांभाळणाऱ्या कुणालाही हे किट घ्या असंच मी सांगेन, कारण त्याच्यामुळे माझ्या गाडीचा गिअरबॉक्स विनाकारण खाली उतरायचा वाचला.

ब्रँडचं नाव देत नाही. अशा किटांत डायची, म्हणजे चमकणाऱ्या रंगाची छोटी बाटली, जांभळ्या उजेडाचा टॉर्च आणि पिवळ्या काचांचा गॉगल एवढाच संसार असतो. डब्यावरचं चित्र तेवढं बदलतं. डाय इंजिन ऑइलमध्ये ओतायचा आणि गाडी फिरवायची. ऑइल जिथून बाहेर येतं तिथून डायही येतो, आणि अंधारात अतिनील टॉर्च मारला की तो हिरवट-पिवळा चमकतो. बस, एवढंच.

माझी गाडी चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी, वीस वर्षं उलटून गेलेली. हेड ॲल्युमिनियमचं, त्यावरच्या झाकणाला म्हणजे टॅपेट कव्हरला रबरी पॅकिंग, खाली ऑइल साठणारा पत्र्याचा चेंबर. गाडी रात्रभर उभी राहिली की इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्याच्या बरोब्बर खाली ठिपका. ज्याला दाखवली त्या मेकॅनिकने खाली वाकून बघितलं आणि उठता उठता सांगितलं, "मागचं क्रँक सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." आता ते सील काय, क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाशी ऑइल अडवणारी, तळहातावर मावणारी रबरी रिंग. पण तिथवर पोचायला ड्राइव्ह शाफ्ट, गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील हे सगळं सुटं करावं लागतं. म्हणजे खर्च सीलचा नसतोच, वाटेचा असतो.

त्याचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं. मागचं क्रँक सील गेलं की ऑइल बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या कवचाच्या तळातून ठिबकतं हे खरंच आहे. पण तिथूनच ठिबकणारं प्रत्येक ऑइल त्या सीलचं नसतं. ऑइल वरून खाली येतं, आणि गाडी चालताना वारा त्याला मागे ढकलतो. हेडच्या मागच्या कोपऱ्यातून निसटलेला ओघळ ब्लॉकच्या पाठीवरून उतरून त्याच जागी गोळा होतो. पाणी गच्चीच्या एका टोकाला मुरतं आणि थेंब भलत्याच खोलीत पडतो, त्यातला प्रकार. त्यामुळे जमिनीवरचा ठिपका बघून सील ठरवायचं नाही. ओल जिथे सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे दिसते, शोध तिथून सुरू करायचा.

वीस वर्षांच्या इंजिनवर अडचण अशी की ओल सगळीकडेच दिसते. धूळ आणि ऑइल मिळून काळा, जाड, चिकट थर बसलेला असतो. त्यात आजचं कुठलं आणि पाच वर्षांपूर्वीचं कुठलं, हे उघड्या डोळ्यांना कळत नाही. डायचा उपयोग इथेच. जुन्या घाणीत डाय नसतो. चमकेल ते ताजं.

मात्र किटच्या कागदावर ज्या गोष्टीला एक ओळ दिली आहे तिला माझ्या मते अर्धं पान द्यायला हवं होतं: आधी इंजिन धुवा. नीट धुवा. डिग्रीझर, ताठ ब्रश, पुन्हा डिग्रीझर. अल्टरनेटर, इग्निशनच्या जोडण्या आणि हवेची वाट प्लास्टिकने झाकून घ्यायची आणि पाण्याचा जोराचा फवारा मारायचा नाही. ब्रेक क्लिनर वापरणार असाल तर इंजिन पूर्ण गार हवं. तो पेट घेतो. त्यातला क्लोरीन असलेला प्रकार तर तापलेल्या धातूवर कधीच मारू नये, त्यातून विषारी वायू होतो. धुतल्याशिवायही डाय चमकतो, नाही असं नाही, पण ताजं ऑइल जुन्या चिकट थरात शिरून पसरतं आणि रेषेऐवजी तुम्हाला एक मोठा चमकता डाग मिळतो. त्या डागाला ना वर असतं ना खाली. स्वच्छ धातूवर मात्र ओघळ दिसतो, आणि ओघळाला सुरुवात असते.

धुण्याआधी आणखी एक गोष्ट करून घ्यावी. गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवून थेंब मुळात कशाचा आहे ते बघावं. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो, तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. पॉवर स्टीअरिंगचं ऑइल बऱ्याच गाड्यांत लाल. कूलंट पाण्यासारखं पातळ आणि गोडसर वासाचं. माझ्या पुठ्ठ्यावर तपकिरी थेंब होते, गंधकाचा वास नव्हता; म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील तिथेच बाद झालं. ते सील गेलं असतं तरी ठिपका त्याच जागी पडला असता, हे लक्षात घ्या.

आता डाय. माझ्या बाटलीवर साधारण चार लिटर ऑइलला ३० मिली असं प्रमाण होतं आणि मी तेवढंच टाकलं. जास्त टाकून काही साधत नाही, उलट ओततानाच चार थेंब इकडेतिकडे सांडले की तेच चमकून तुम्हाला फसवतात. झाकणाभोवती फडका गुंडाळून ओता आणि तो फडका लगेच लांब टाका. हाताला लागलेला डाय तुम्ही जिथे जिथे हात लावाल तिथे जातो, त्यामुळे ओतताना घातलेले हातमोजे तपासताना वापरायचे नाहीत. इंजिनमधलं ऑइल फार काळं झालं असेल, विशेषतः डिझेलच्या गाडीत, तर चमक मंद दिसते. त्यापेक्षा ऑइल बदलायची वेळ आलीच असेल तर ताज्या ऑइलबरोबर डाय टाकावा. मी तसंच केलं. नंतर गाडी चांगली तापेपर्यंत फिरवायची, आणि पहिला उजेड इंजिनवर न मारता ऑइलच्या काडीवर मारायचा. काडीवरचं ऑइल चमकलं तर डाय आणि टॉर्च दोन्ही ठीक.

आणि इथेच टॉर्चचं पितळ उघडं पडलं. काडीवर चमक होती, पण बघायला डोळे ताणावे लागत होते. किटमधला टॉर्च ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा आहे. माणसाला दिसणारा जांभळा उजेड साधारण ४०० नॅनोमीटरच्या आसपास सुरू होतो, म्हणजे हा टॉर्च अगदी कुंपणावर बसलेला. त्यातून डोळ्यांना दिसणारा जांभळा उजेड इतका पडतो की सगळं इंजिनच जांभळं होतं आणि डायची बारीक रेघ त्यात बुडते. पिवळा गॉगल हा जांभळा बराचसा अडवतो, म्हणून त्याला तीन गुण. तो नसता तर हा टॉर्च निव्वळ खेळणं होता. नंतर मी ३६५ नॅनोमीटरचा, पुढे काळी काच असलेला टॉर्च वेगळा घेतला. ती काळी काच दिसणारा उजेड गाळते आणि अतिनील तेवढा जाऊ देते. अशी काच रॉबर्ट विल्यम्स वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढली होती. फरक म्हणाल तर, आधी जिथे "इथे काहीतरी आहे का?" असं वाटत होतं तिथे आता बोट ठेवून दाखवता येत होतं. कुठलाही टॉर्च असला तरी अंधार हवाच, आणि अतिनील उजेडात थेट बघायचं नाही.

गाडी वर घेऊन, जॅकच्या भरवशावर न राहता पक्क्या स्टँडवर टेकवून, खाली शिरलो. बेल हाउसिंगच्या तळाशी ओलसर चमक होती. मेकॅनिकला तेवढंच दिसलं असतं. पण चमक तिथे थांबत नव्हती. हाउसिंगच्या वरच्या बोल्टपाशी एक रेघ फुटून दोन झाल्या होत्या. त्या फाट्यापासून वर एकच रेघ, दोऱ्याएवढी बारीक, ब्लॉकच्या पाठीवरून सरळ चढत गेलेली. खालून पुढचं दिसेना. मग बाहेर येऊन बॉनेटकडून, छोटा आरसा फायरवॉल आणि हेडच्या मधल्या फटीत धरून बघितलं. रेघ टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन संपत होती. कॅमशाफ्टच्या टोकापाशी हेडला अर्धगोल खाच असते आणि त्यात अर्धचंद्राच्या आकाराचं रबर बसवलेलं असतं, नेमकं तिथे. रबराच्या कडेला ठिपक्याएवढा हिरवा-पिवळा थेंब लटकलेला होता. त्याच्या वर सगळं कोरडं.

कव्हर उघडल्यावर ते अर्धचंद्री रबर हातात आलं तेव्हा त्यावर नख रुतेना. टकटक वाजत होतं. एवढी वर्षं उष्णता खाऊन रबराचं रबरपण संपलं होतं, आणि पॅकिंगही दबून चपटं होऊन बसलं होतं. आत क्रँक सील बिचारं निर्दोष.

दुसरी गळती मी शोधत नव्हतो, ती आपणहून सापडली. ऑइल फिल्टरच्या वर ऑइल प्रेशर स्विच असतो, डॅशबोर्डवरचा लाल दिवा त्याच्यावर चालतो. त्याच्या प्लास्टिक आणि धातूच्या सांध्यावर चमकती कडी दिसली. जोडणी उपसली तर आतल्या पिनेवरसुद्धा चमक, आणि वायरच्या आवरणातून वीतभर पुढपर्यंत. स्विचच्या आतला पडदा गेला की ऑइल दाबाने प्लास्टिकमधून निसटतं आणि वायरीच्या आतून प्रवास करतं. हे डायशिवाय कुणाला दिसलं असतं असं मला वाटत नाही, कारण बाहेरून स्विच फक्त जरा मळका दिसत होता. अशी दाबाच्या बाजूची गळती इंजिन चालू असतानाच होते. टॅपेट कव्हरसारखी जागा मात्र गाडी बंद केल्यावरही आत साचलेलं ऑइल सोडत राहते. म्हणून गाडी चालू ठेवून एकदा आणि रात्रभर उभी करून एकदा, असं दोनदा बघावं.

खोट्या चमकांबद्दल किटच्या कागदावर अक्षर नाही, म्हणून इथे लिहितो. इंजिन ऑइल डायशिवायही अतिनील उजेडात थोडं निळसर झळकतं. कपडे धुण्याच्या पावडरीचा अंश फडक्यातून लागला असेल तर तोही निळा-पांढरा चमकतो. आणि हिरव्या कूलंटांपैकी बरेचसे मुळातच चमकतात, कारण त्यांत फ्लोरेसीन हा रंग असतो. १८७१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी तो तयार केला. फ्लोरेसीनचं क्षेत्र पाण्याचं, ऑइलचा डाय ऑइलमध्ये विरघळणारा. म्हणून कूलंटची बाटली आणि ऑइलची बाटली एकमेकींच्या जागी चालत नाहीत, घेताना लेबल वाचा. हिरव्या चमकेची शंका आली तर तो थेंब पाण्यात टाकून बघा: मिसळला तर कूलंट.

किट गळती दाखवतं, कारण सांगत नाही. पॅकिंग घालायच्या आधी इंजिनचा श्वास तपासलाच पाहिजे. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू खाली चेंबरकडे येतोच, आणि तो पीसीव्ही व्हॉल्व्हमधून, म्हणजे हा वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतून, पुन्हा हवेच्या वाटेला जातो. तो व्हॉल्व्ह किंवा त्याची नळी काजळीने तुंबली की आतला दाब वाढतो आणि सगळ्यात कमकुवत सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. मग तुम्ही नवं पॅकिंग घाला, तो पुढचा कमकुवत सांधा शोधेल. इंजिन मंद चालत असताना ऑइल भरायचं झाकण काढून त्या तोंडावर कागद ठेवायचा: बऱ्याच पेट्रोल इंजिनांत तो हलकेच ओढला जायला हवा. उडून गेला तर आधी श्वास मोकळा करा. माझा व्हॉल्व्ह हलवल्यावर आतून खुळखुळ आवाज यायला हवा होता, तो यायचा नाही. बदलला.

दुरुस्तीचं फार सांगत बसत नाही, पण तीन गोष्टींत लोक हमखास चुकतात. ॲल्युमिनियमवरचं जुनं पॅकिंग स्टीलच्या पातीने खरवडू नका, प्लास्टिकची पाती घ्या. ओरखडा पडला की तीच नवी गळती. सिलिकॉन सगळ्या पॅकिंगवर फासायचं नाही. अर्धचंद्राचे कोपरे आणि कॅमच्या ठोकळ्याचा सांधा एवढ्याच जागी टिकलीएवढं. ट्यूबवर ऑक्सिजन सेन्सरला चालतं असं लिहिलेलं असावं. आत सुटलेला सिलिकॉनचा तुकडा थेट चेंबरमधल्या ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो आणि मग गळतीपेक्षा मोठं दुखणं होतं. आणि बोल्ट. टॅपेट कव्हरच्या छोट्या बोल्टना बऱ्याच गाड्यांत ८ ते १० न्यूटन मीटर एवढाच पीळ (टॉर्क) लागतो, नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकात बघावा. मधून सुरुवात करून बाहेर जायचं, दोन फेऱ्यांत. "गळतंय, अजून आवळ" हा उपाय पॅकिंग चिरडतो आणि पत्र्याच्या चेंबरची कड वाकवतो.

किटचा सगळ्यात मोठा फायदा दुरुस्तीनंतर कळला. डाय पुढच्या ऑइल बदलापर्यंत इंजिनमध्येच राहतो. म्हणजे त्याच बाटलीवर फेरतपासणी फुकट. मी ती जागा पुन्हा धुऊन, गाडी चालवून बघितली: ब्लॉकची पाठ कोरडी, स्विचचा सांधा कोरडा.

आता दुकानात याच फळीवर दुसरी बाटली असते, गळती थांबवणारी. शोधायची भानगडच नाही, ओता आणि विसरा. तिच्यात रबर फुगवणारी आणि मऊ करणारी रसायनं असतात. कडक झालेल्या शाफ्टच्या सीलवर ती काही काळ काम करू शकते, हे मान्य. पण फाटलेलं पॅकिंग, फुटलेला स्विच, दबून चपटा झालेला ड्रेन प्लगचा वायसर यांचं ती काहीही करू शकत नाही. शिवाय बाटलीतलं रसायन निवडून फक्त आजारी सीलकडे जात नाही, चांगल्या सीलनाही तोच डोस मिळतो. खरंच मागचं क्रँक सील झिरपत असेल आणि गाडी थोड्याच दिवसांत मोडीत काढायची असेल तर ओता. टिकवायची असेल तर नको.

ज्यांना किटवर पैसे घालायचे नाहीत त्यांच्यासाठी टाल्कम पावडर आहेच. इंजिन धुऊन पूर्ण वाळवायचं, संशयित भागावर पावडर फुंकायची, गाडी थोडी चालवायची. ऑइल जिथून निघालं तिथे काळपट रेघ उमटते. समोरून दिसणाऱ्या, पंख्याच्या वाऱ्यापासून लांब असलेल्या जागी हे छान चालतं. हेडच्या पाठीमागे मात्र पावडर पोचत नाही, आणि माझी गळती तिथेच होती.

प्रत्येक ठिपक्यासाठी धावायचीही गरज नाही. साधारण वीस थेंबांचा एक मिली होतो. रोज रात्री दहा थेंब म्हणजे अर्धा मिली, वर्षाला पावणेदोनशे मिलीच्या आसपास. एवढ्याने इंजिन मरत नाही, काडी वेळेवर बघितली म्हणजे झालं. पण तेच दहा थेंब एक्झॉस्टवर पडत असतील तर धूर आणि आग, टायमिंग बेल्टवर पडत असतील तर बेल्टचं रबर खराब, क्लचवर गेले तर क्लच घसरणार. थेंब किती यापेक्षा कशावर, हे बघा. डाय ते दाखवतो.

कुणी घेऊ नये? ज्याची गाडी नवी आहे आणि वॉरंटीत आहे त्याने यात पडूच नये. ज्याला इंजिन धुवायचा कंटाळा आहे त्यानेही नाही, कारण मग नुसता जांभळा खेळ होईल. बाकीच्यांनी शक्य असेल तर डायची बाटली सुटी आणि ३६५ चा टॉर्च वेगळा घ्यावा, अख्खं किट घेण्यापेक्षा ते शहाणपणाचं. माझ्या बाटलीत अजून एका खेपेचा डाय उरला आहे. पुढच्या क्रँक सीलभोवतीही अगदी फिकी कडी दिसली होती, थेंब होण्याइतकी नाही. ते सील टायमिंग बेल्ट बदलताना तसंही उघडं पडणार, तेव्हाच बदलेन. तोवर त्याला हात लावत नाही.